तो तिचा भाऊ नाही

४ फेब्रुवारी

बारक्या,

आशीर्वाद आहेत, ते धरून चाल. इकडे सगळं ठीक. नसतं तरी तिकडून तू काय दिवे लावणार होतास.

तुझा जाडजूड लिफाफा मिळाला. पोस्टमनच्या हातात बघून वाटलं फोटो असतील. उघडला तर प्रश्नांची चळत. वर छापलंय, "आदरणीय महोदय/महोदया". ते खोडून तू हाताने "ताई" लिहिलंयस. तेवढं तुझ्या हातचं, बाकी मशीनचं.

तर तुमच्या ऑफिसात देशादेशांची तुलना चाललीय. कुठल्या देशात घरचे सिनेमे किती चालले, बाहेरचे किती, आणि माणसं थेटरात यायची कधीपासून कमी झाली. बाकी देशांचे तक्ते भरले, आपलाच अर्धा रिकामा राहिला, म्हणून तुला बहीण आठवली. "ताई, तू तर तिथेच होतीस." होते ना. पडद्याच्या डाव्या अंगाला, स्टुलावर, हातात पत्र्याचा भोंगा घेऊन. माइक फार नंतर आला.

तुझ्या साहेबांना हे कळायचं नाही, त्यांना नीट सांग. बाहेरचा सिनेमा यायचा, त्याची भाषा गावात कुणाच्या बापाला येत नव्हती. मग ऑपरेटर वरून आवाज बारीक करायचा आणि खाली मी सांगायचे. हिरो मी, हिरॉइन मी, जज्ज मी, चोर मी. कुत्रा भुंकला तर का भुंकला तेही मीच सांगायचं. मला ती भाषा येत होती का? अरे, मला आपलीच धड लिहिता येत नाही, हे वाचतोयसच की. माणसांची तोंडं बघायची आणि सांगायचं. मालक बाहेरच्या फळीवर सिनेमाचं नाव बारीक लिहायचा आणि त्याखाली मोठ्ठं लिहायचा, "सांगणार: बाई".

तुझा पहिलाच प्रश्न, "चित्रपटाचा मूळ देश". रिळांच्या डब्यांवर एकावर एक लेबलं चिकटवलेली असायची. एक खरवडलं की खाली दुसरा देश. सिनेमा एकीकडचा, खालची अक्षरं दुसरीकडची, हिरो तिसरीकडून आणलेला, गोष्ट कुणाची तरी ढापलेली आणि तोंड माझं. नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ विचारू नये म्हणतात, त्यात आता सिनेमाचाही देश घाल. तो रकाना मी कोरा सोडलाय.

कामाचं सांगते. थेटर पाडताहेत. मालक गेला, त्याच्या मुलांना नको होतं. टायरांचं गोदाम होणार तिथे. पाडायच्या आधी एक शेवटचा खेळ ठेवलाय, एप्रिलचा दुसरा रविवार, दुपारचा. ऑपरेटर म्हणतो, बाई, तोच सिनेमा लावू. कुठला ते तुला माहीत आहे. डबे आहेत त्याच्याकडे, शेवटचा सोडून. सांगायला मीच.

तर ये. कौतुकं करायला नको, नुसता खुर्चीत बस. नाही आलास तर जन्मात बोलणार नाही तुझ्याशी.

आणि फोन करू नकोस. बिघडलाय. पत्र लिही.

ताई

—

२१ फेब्रुवारी

बारक्या,

रजेचं बघतो म्हणतोस. बघ. बघत बसण्यात तू पहिल्यापासून हुशार.

फोन अजून तसाच. तू सारखा लावतोस ते कळतं मला. तो वाजतो, तुझं "हॅलो, ताई, हॅलो" ऐकू येतं, पण इकडचं बोललेलं तिकडे जात नाही. म्हणून उचलून ठेवून देते. दुरुस्तीवाला म्हणतो, एप्रिलनंतर बघू. तोवर तू आपला कागद खराब करत जा.

तू पाठवलेल्या तक्त्याची मी मजा घेतली. तू राहतोस तिथे माणूस वर्षाला चारदा थेटरात जातो, शेजारच्या देशात तीनदा, आणि आपल्याकडे "माणशी पाऊण वेळा". पाऊण वेळा म्हणजे काय रे? इंटरव्हलनंतर दूध उतू जाईल म्हणून घरी पळाला तो? की एका तिकिटावर दोघी जावा, एकीने अर्धा बघायचा आणि बाहेर दुसरीचं पोर धरायचं, तो? असं चालायचं आपल्याकडे, डोअरकीपर डोळेझाक करायचा. तू हसशील. हस. तुमच्यात जावा म्हणजे काय हेसुद्धा तक्त्याखाली समजावून लिहावं लागेल.

त्यावरून आठवलं. तुझा सातवा प्रश्न, "निवेदनाची अचूकता". हॉस्टेलातून पहिल्यांदा घरी आलास तेव्हा तूच मला सांगितलंस की त्या बाहेरच्या सिनेमांच्या भाषेत काकाला, मामाला, मावशीच्या नवऱ्याला, आत्याच्या नवऱ्याला, सगळ्यांना एकच शब्द आहे. मी म्हटलं, मग ते लोक भांडतात कसे? तू पोट धरून हसला होतास. तेव्हा अजून माझ्यासोबत हसायचास, मला नव्हे.

मी तोंड बघून ठरवायचे. कागद पुढे सरकवून "सही कर पोरी" म्हणणारा काका. डोक्यावर हात ठेवून गप्प उभा राहणारा मामा. एकदा मी मामा ठरवलेल्या माणसाने इंटरव्हलनंतर खून केला. लोक काय चिडले! बायका दाराशी अडवून विचारायला लागल्या, "बाई, मामा असं करेल का हो?" संध्याकाळच्या खेळाला मी त्याला काका करून टाकला. कुणी हूं का चूं केलं नाही.

आता ही अचूकता की काय ते तुझ्या साहेबाला विचार.

रजा मिळाली की कळव. वरच्या खोलीतलं कपाट रिकामं करायला घेतलंय. तुझ्यासाठी नाही, झुरळं झाली होती.

ताई

—

१० मार्च

बारक्या,

तुमच्या पुस्तकातलं आपल्या देशाचं प्रकरण पाठवलंस. त्या भाषेत. मला म्हणतोस, "कुणाकडून तरी वाचून घे". घेतलं. औषधवाल्याकडून. हल्ली त्याच्याकडे जाणं होतं, थंडीचा घसा धरलाय, दुसरं काही नाही.

बरा माणूस आहे. गिऱ्हाईक थांबवून त्याने वाचलं, एकेक वाक्य आपल्या भाषेत करत. बाहेरच्या सिनेमांचा वाटा आपल्याकडे सगळ्यांत जास्त होता म्हणे. बाकीच्या देशांत लोक घरचे सिनेमे बघत होते, आपल्याला परक्याचं वेड. मग एका वाक्यापाशी तो थांबला आणि चष्मा पुसायला लागला. मी काउंटरवर बोट आपटलं, वाच. "स्थानिक निवेदक बहुधा अल्पशिक्षित असत व कथानक चुकीचे सांगत." तो म्हणाला, "बाई, हे सगळ्यांबद्दल आहे, तुमच्याबद्दल नाही." मी मान डोलावली. गोळ्या घेतल्या, घरी आले.

बहुधा अल्पशिक्षित. बरोबर आहे. शाळा सोडली कारण घरात दोघं होतो आणि शिकवायला एकालाच जमत होतं. तो एक कोण ते तुझ्या ऑफिसात सांगितलंस का कधी?

आता निघालंच आहे तर त्या सिनेमाचं होऊन जाऊ दे. इतकी वर्षं दोघंही त्याच्या आजूबाजूने चालतोय, जशी चिखलाच्या डबक्याच्या कडेने माणसं चालतात.

छोटं घर, एक बाई, एक पुरुष. तो परमुलखात कामाला निघतो. स्टेशनवर ती त्याच्या हातात पुरचुंडी ठेवते. मग पत्रं, मग पत्रं थांबतात, ती खिडकीत दिवा लावून बसते. आणि शेवटचं रीळ नव्हतंच. प्रवासात कुठे हरवलं देव जाणे. पडदा पांढरा व्हायचा आणि पुढचं मी तोंडाने सांगायचे. सगळा खेळ मी बहीण-भावाचा केला होता. बहिणीने भावाला वाढवलं, शिकवलं, पाठवलं. आणि शेवटी भाऊ येतो. दारात उभा राहतो. बहीण म्हणते, "दमलास का रे? आधी हातपाय धू." एवढंच. पांढऱ्या पडद्याकडे बघत अख्खं थेटर रडायचं. तो सिनेमा उतरवायला मालक तयार होईना. ज्यांनी ज्यांनी कुणाला स्टेशनवर सोडलं होतं ते सगळे परत परत येत होते. कुठल्या देशाचा सिनेमा आहे असं एकानेही विचारलं नाही, तुझ्यासारखं.

मग तू सुट्टीला आलास. मिसरूड फुटलेलं, तोंडात नवी भाषा. दोस्तांना घेऊन बाल्कनीत बसलास. स्टेशनचा सीन चालू होता, मी रंगात होते. आणि तू उभा राहिलास. "ताई! तो तिचा भाऊ नाही, नवरा आहे! पहिल्याच रिळात सांगितलंय!"

आधी बाल्कनी हसली. मग खालचे हसले. जे डोळे पुसत होते ते जास्त जोरात हसले, बघ, कारण त्यांना लाज वाटली. ऑपरेटरने वरून आवाज मोठा केला, मला झाकायला. मी स्टुलावरच उभी होते. भोंगा तोंडाशी.

कॅन्टीनवाल्याने दुसऱ्या दिवशी आरोळीच काढली, "जिला नवरा ओळखता येत नाही तिला कोण करून घेणार?" गावभर झालं ते. त्यानंतर मी तोंड उघडलं की कुणीतरी ओरडायचा, "बाई, हा कोण? सासरा की पोरगा?" दोन-चार महिन्यांत खुर्च्या ओस. मालकाने खाली आपली अक्षरं छापलेले सिनेमे आणायला सुरुवात केली. वाचता येणारे आले, न येणारे घरी बसले. माझं स्टूल तिकीटखिडकीत गेलं आणि त्यावर मी.

तुला काय वाटतं, मला माहीत नव्हतं? दुसऱ्याच आठवड्यात कळलं होतं. असा हात भाऊ दाबत नाही. पण नवरा परत आला हे बघायला तिकीट कोण काढणार? नवरे काय, रोज संध्याकाळी येतात आणि जेवायला मागतात.

ऑपरेटरने त्याआधी मला लग्नाचं विचारलं होतं, बरं का. हे तुला पहिल्यांदाच सांगतेय. मी म्हटलं, बारक्या मोठा होऊ दे. मग बारक्या मोठा झाला, उभा राहिला, बोलला. त्या कॅन्टीनवाल्याच्या आरोळीनंतर तो कुठल्या तोंडाने परत विचारणार, आणि मी कुठल्या तोंडाने हो म्हणणार.

तू निघालास तेव्हा मी स्टेशनवर पुरचुंडी आणली होती. तू म्हणालास, "ताई, सिनेमा करू नकोस."

खेळ एप्रिलच्या दुसऱ्या रविवारी, दुपारी तीनला आहे. आठवण करून देते.

ताई

—

२४ मार्च

बारक्या,

एवढं मोठं पत्र तू मला जन्मात लिहिलं नव्हतंस. त्यात अर्धा कागद रेघांचा.

ऑपरेटर आला होता, त्याने आणि मी मिळून त्या रेघा बघितल्या. हल्ली येतो दुपारचा. दुकानातलं आणून देतो, दारावर कुणी आलं तर तोच बोलतो. म्हातारा झालाय, पण नजर चांगली. म्हणाला, "बघा बाई, सगळे देश एकदम जिना उतरल्यासारखे दिसतात." तसंच दिसतं. एक रेघ आधी निघाली, एक मागून, पण उतरल्या सगळ्याच. तू खाली लिहिलंयस की घरोघरी टीव्ही आला, थेटर कुणाला लागेना, श्रीमंत देशात तेच, गरीब देशात तेच. "ताई, नीट बघ. आपलं थेटर माझ्या त्या एका वाक्यामुळे रिकामं झालं नाही."

ते वाचून मी कागद खाली ठेवला.

तू इतकी वर्षं हेच करत होतास तर. मला वाटायचं, याला सिनेमाचं काय पडलंय, लहानपणी झोपायचा थेटरात. हे ऑफिस, हे तक्ते, या देशातून त्या देशात हिंडणं. तुझी बायको एकदा फोनवर म्हणाली होती, "यांना सुट्टीतसुद्धा दुसरं सुचत नाही." आता कळलं. एक वाक्य झाकायला तुला एवढे देश लागले.

खरं असेल तुझं. रेघ कशाला खोटं बोलेल? टीव्ही आलाच होता. मी तुझ्याशी भांडत नाही. तू नसतास बोललास तरी चार-पाच वर्षांत बंदच पडलं असतं, हे मला तुझ्याआधी ऑपरेटरने सांगितलंय.

पण एवढं सांग. त्या बाकीच्या देशांत थेटरं रिकामी झाली तेव्हा तिथे कुणी हसलं होतं का? हसणं कुठल्या रकान्यात भरलंस? आणि घरचं किती, बाहेरचं किती, हे तू सिनेमाचं मोजलंस. माणसांचं मोजलंस का? आपल्या घरात आपण दोघं होतो. त्यातला अर्धा माल बाहेर गेला. हाही तक्ता होतो.

एका वाक्याने थेटर रिकामं होत नाही, मान्य. माफी मागितली असतीस तर तीही एकाच वाक्यात झाली असती. रेघा मारायचे कष्ट वाचले असते.

रजेचं काही लिहिलं नाहीस.

ताई

—

२ एप्रिल

बारक्या,

कळलं. नाही जमत.

त्याच रविवारी तिसऱ्याच कुठल्या देशात तुमचा मेळा भरणार, तिथे तू उभा राहून आपल्या देशाचा तक्ता दाखवणार. तुलाच दाखवायचाय, दुसऱ्या कुणाला त्यातलं माहीत नाही. तुझंही बरोबर आहे. थेटरात उभं राहून बोलायची तुला सवय आहेच.

"व्हिडिओ काढून ठेव" म्हणतोस. बघू, कुणाला वेळ झाला तर.

आणि शेवटचं रीळ तू पाहिलंस, हे कधीपासून पोटात ठेवलं होतंस रे? तिकडे जुने सिनेमे जपून ठेवतात तिथे मागवून पाहिलंस म्हणे. तो परत येतो. रस्त्याच्या पलीकडे उभा राहतो. खिडकीत दिवा, आत ती दोघांचं पान मांडतेय. तो बघतो, बघतो आणि आल्या वाटेने निघून जातो. संपलं.

म्हणजे नवराच. भाऊ असता तर निदान पाणी प्यायला आत आला असता.

असं मी म्हटलं असतं. आता म्हणत नाही.

तू लिहितोस, "शेवटच्या खेळाला तरी खरं सांग, ताई." बघते. तुमच्या पुस्तकात अचूकतेचा रकाना आहे ना, त्याला बरं.

कपाटात मी परत गाद्या भरल्या.

ताई

—

१५ एप्रिल

बारक्या,

खेळ झाला. तुझ्या कामाचं म्हणून सगळं लिहिते.

आले बऱ्यापैकी. म्हातारे फार, नातवंडांच्या हाताला धरून. नातवंडं मोबाइलमध्ये. अर्ध्या खुर्च्यांना बसायची पाटीच नव्हती, लोकांनी घरून उशा आणल्या. कॅन्टीनवालाही आला होता, काठी टेकत. तोंडात एकही दात नाही, पण बसला पहिल्या रांगेत, मालकासारखा.

ऑपरेटर वर चढायच्या आधी मला म्हणाला, "बाई, जमेल तेवढंच. डॉक्टर काय बोललाय ते लक्षात आहे ना?" मी त्याला हाताने वर जा म्हटलं. ते डॉक्टरचं सोड. डॉक्टर म्हणजे नुसता फार्स. पहिल्यांदा गेले तेव्हा विचारतो, "गळ्याची ही दशा? शाळेत शिकवत होता का?" मी म्हटलं, सिनेमात होते. तो सरसावून बसला. म्हणे, कुठली भूमिका? मी म्हटलं, सगळ्या.

महिनाभर मी कुणाशी बोलले नव्हते. आवाज साठवून ठेवला होता. थंडीचा घसा, दुसरं काय. म्हणून निघाला. पहिलं रीळ छान गेलं. भोंगाच घेतला, माइक नको म्हटलं. घोगरा होता, पण शेवटच्या रांगेपर्यंत पोचत होता. मी ठरवून गेले होते, तू म्हणतोस तसं खरं सांगायचं. पहिल्याच रिळात सांगून टाकलं, हे नवरा-बायको. लोक जरा चुळबुळले. कुणी हसलं नाही. मागून एक म्हातारी म्हणाली, "असं काय करता बाई? चांगला भाऊ होता की तो."

इंटरव्हलनंतर स्टेशन आलं. पुरचुंडी दिली. पत्रं आली, पत्रं थांबली. तिने दिवा लावला. तिथपर्यंत मी नेलं. तिथून पुढे आवाज तुटक तुटक यायला लागला, वहाणेचा अंगठा तुटल्यावर माणूस चालतो तसा. आणि मग रीळ संपलं. पडदा पांढरा.

मी भोंगा तोंडाशी धरला. तुझा शेवट तयार होता, पाठ केला होता मी. रस्त्याच्या पलीकडे उभा राहतो, बघतो, निघून जातो. तोंड उघडलं. हवा आली फक्त.

वर मशीनची घरघर. मला वाटलं, झालं, आता कुणीतरी ओरडणार, सासरा की पोरगा. परत एकदा उघडलं तोंड. परत हवा.

आणि पहिल्या रांगेतून तो कॅन्टीनवाला काठी आपटून म्हणाला, "भाऊ येतो!"

मागून एक बाई म्हणाली, "हातात पेटी आहे."

"केस पिकलेत," दुसरं कुणीतरी.

"दारात उभा आहे, आत यायला बिचकतोय."

"बहीण म्हणते, दमलास का रे?"

"आधी हातपाय धू," हे तर दहा-वीस जण एकदम म्हणाले. माझ्याच शब्दांत, माझ्याच चालीवर. कुठे थांबायचं, कुठे आवाज उतरवायचा, सगळं. जे हसले होते तेच. एवढी वर्षं तोंडपाठ ठेवून बसले होते मेले, आणि मला कुणी सांगितलं नाही. मग सगळे परत म्हणाले, "भाऊ आला, भाऊ आला."

अख्खं थेटर म्हणतंय म्हटल्यावर मी मागे वळून दाराकडे बघितलं.

डोअरकीपरची रिकामी खुर्ची होती.

ताई

—

९ मे

बारक्या,

औषधवाल्याने तुला कळवलं म्हणे. चोंबडा. त्याच्याकडून गोळ्या घेणं बंद केलं असतं, पण जवळ दुसरं दुकान नाही.

होय, खरं आहे. खेळाच्या आदल्या महिन्यातच काढायचं म्हणत होते, मी लांबवलं. गळ्यात आतला आवाजाचा भाग होता तो पूर्ण काढला. समोर भोक आहे, त्यातून श्वास घेते, वर पातळ फडकं बांधते. दुखत नाही आता. पातळ पेज जाते. ऑपरेटर पाटी-पेन्सिल घेऊन आला. त्याला वाटलं मला हसू येईल. आलं, पण हसायलाही आवाज लागतो हे माहीत नव्हतं.

तू विचारतोस, आधी का नाही लिहिलं. लिहिलं असतं तर तू आला असतास, आजारी बहिणीला बघायला. मी तुला खेळाला बोलावलं होतं.

मेळ्यात तुझं कौतुक झालं, चांगलं झालं. आपल्या देशाचा तक्ता पूर्ण झाला म्हणतोस, फक्त शेवटच्या खेळाचे प्रेक्षक तेवढे कळव. मोजले नाहीत मी. एक कमी होता, एवढं लिही. आणि त्या सिनेमाचा मूळ देश आपला लिही. लोकांना पाठ आहे.

थेटराचं छप्पर उतरवलं. ऑपरेटरने डबे त्याच्या खाटेखाली ठेवलेत. माझं स्टूल त्याने मागून आणलं, त्यावर आता मी औषधाच्या बाटल्या ठेवते. योग्य उंचीचं आहे.

आता येतो म्हणतोस, पुढच्या आठवड्यातलं तिकीट काढतो म्हणतोस. ये, नाहीतर येऊ नकोस. कपाटात गाद्या आहेत, ते तुझं तू बघ. दार लोटलेलं असतं, ढकललं की उघडतं. रस्त्याच्या पलीकडे मात्र उभा राहू नकोस, तिथे थेटराचा राडारोडा नेणारे ट्रक वळतात.

पहिल्याच पत्रात तुला लिहिलं होतं, नाही आलास तर जन्मात बोलणार नाही तुझ्याशी. तुला वाटलं असेल, ताई नुसती म्हणते.

बघ. शब्दाला जागले.

ताई